उजवीकडचा डबा

तीन मार्चला, मंगळवारी सकाळी, हेडफोनच्या दुकानाचा मालक दोन जिने चढून कानसेनांच्या घरी आला आणि त्याने जेवणाच्या टेबलावर एक लाख अठरा हजार पाचशे रुपयांचा एक डबा ठेवला. डबा काळा, पुस्तकाएवढा. पुढे एक बारीक दिवा, मागे वायरी खोचायच्या जागा.

"जपून हां," मालक धापा टाकत म्हणाला. "अजून माझा नाही तो. ऐकून परत द्यायच्या बोलीवर आणलाय. आणि हा जिना तुम्ही रोज चढता? माझ्याच छातीचा अ‍ॅम्प्लिफायर बंद पडायची वेळ आली."

"बस आधी. पाणी घे," कानसेन म्हणाले. मालक चड्डीत होता तेव्हापासून ते त्याला ओळखत होते, त्यामुळे तो मालक झाला तरी 'तू'चा 'तुम्ही' काही झाला नव्हता.

पाणी पिऊन मालकाने मुद्द्याला हात घातला. हा डबा बनवणाऱ्या कंपनीची एजन्सी त्याला मिळत होती. अनामत मोठी होती, राहतं घर गहाण टाकावं लागणार होतं. महिनाअखेर निर्णय कळवायचा होता. "तुमचं कार्ड एकदा लागलं की बाकीचं मी बघतो. आणि नाही म्हणालात तर डबा परत. मी दुसऱ्या कुणाला विचारणार नाही."

कानसेन हे अर्थातच त्यांचं खरं नाव नव्हे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ते तपासणीच्या टेबलावर होते, तेव्हा सोबत्यांनी ठेवलेलं हे टोपणनाव. लाइनवरची खरखर ऐकून 'जोड गंजलाय', 'केबलमध्ये पाणी शिरलंय' असं ते सांगत, आणि खड्डा खणला की बहुतेक वेळा तसंच निघे. पुढे एक्स्चेंजच बंद पडलं आणि त्या टेबलावरची माणसं घरी बसली. कानसेनांचं नशीब एवढंच, की चार गल्ल्या पलीकडे, चष्म्याच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर, हेडफोन विकणाऱ्या एका माणसाला चांगल्या कानांची गरज होती. तो माणूस म्हणजे या मालकाचा बाप.

त्या धंद्यात नुसत्या हेडफोनवर भागत नाही. फोनमध्ये किंवा कॉम्प्युटरमध्ये गाणं आकड्यांच्या रूपात असतं. त्या आकड्यांचा आवाज करणारा डबा तो कन्व्हर्टर, आणि त्या आवाजाला हेडफोन हलवण्याइतकी ताकद देणारा तो अ‍ॅम्प्लिफायर. दोन्ही वस्तू हजारापासून लाखांपर्यंत मिळतात. टेबलावरचा काळा डबा हा कन्व्हर्टर. कशाने खरोखर फरक पडतो आणि कशाने फक्त खिसा हलका होतो, हे सांगायचं काम कानसेनांचं. ते घरी नेऊन ऐकत आणि पांढऱ्या कार्डावर निळ्या शाईने दोन ओळी लिहीत. मालक ते कार्ड डब्यासमोर लावी. 'तुमचा हेडफोन जड आहे, हा अ‍ॅम्प्लिफायर त्याला पुरणार नाही, खालचे सूर ढिले पडतील.' 'बारीक इअरफोनला हा लावू नका, गाणं थांबलं की मागे सूं सूं ऐकू येईल.' लोक दुसऱ्या दुकानांत वस्तू बघत आणि कार्ड वाचायला इथे येत. एकदा तर एका गिऱ्हाइकाने डबा ठेवून कार्डच विकत मागितलं होतं.

कार्डाला वजन होतं ते ऐकण्याच्या पद्धतीमुळे. वस्तू डोळ्यांसमोर असली की कान हलका होतो, महागाचं गोड लागतं, हे कानसेनांना एक्स्चेंजपासून माहीत होतं. म्हणून ते तिकडे पाठ करून बसत. आधी मीटर लावून दोन्ही डब्यांचा आवाज अगदी सारखा करत, कारण जरासा मोठा आवाज कुणालाही चांगलाच वाटतो. मग दोन्ही डब्यांच्या वायरी एका फिरत्या बटणात जात. हे बटण त्यांनी एक्स्चेंजच्या भंगारातून आणून स्वतः लाकडी पेटीत बसवलं होतं. मधे ठेवलं की आवाज बंद. डावीकडे फिरवलं की पहिला डबा, उजवीकडे फिरवलं की दुसरा. जुना नेहमी डावीकडे, नवा नेहमी उजवीकडे, म्हणजे घोळ नको.

बटण फिरवायला मात्र दुसरं माणूस लागे. ती त्यांची बायको.

ती त्यांच्या पाठीमागे, कपाटाजवळच्या खुर्चीवर बसे. उशीवर नाणं टाकून पाही. काय पडेल त्याप्रमाणे बटण आधी मधे आणी, मग डावीकडे नाहीतर उजवीकडे. कानसेन ऐकून "पहिला" किंवा "दुसरा" म्हणत आणि ती पाटीवर बरोबर की चूक ते मांडून ठेवी. बहुतेक सगळ्या खुणा बरोबरच्या असत. मग कानसेन उठत आणि त्या फरकाला शब्द शोधत. मोकळा. खोल. वाद्यं सुटी सुटी.

"झालं का? तिकडे दूध उतू जाईल माझं."

"अगं, शेवटचं एकदा."

"तुमचं शेवटचं एकदा म्हणजे पाहुण्यांचं 'निघतो' म्हणणं. पुढे तासभर दारातच."

"तुला खरंच काही फरक वाटत नाही दोन्हीत?"

"वाटतो की. इकडून तो माणूस रडतोय, आणि तिकडूनही तोच माणूस तेच रडतोय."

फुकट राबायला मी काही तुमच्या एक्स्चेंजमध्ये नाही, असं म्हणून तिने सुरुवातीलाच मजुरी ठरवून घेतली होती. एका बैठकीचे दहा रुपये. ते बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात पडत. महागाई कुठल्या कुठे गेली, पण हा दर तिने कधी वाढवला नाही. कानसेनही उठल्याबरोबर पैसे देत. चेष्टेतला असला तरी व्यवहार होता.

गेल्या ऑक्टोबरात त्यांच्याकडे सुट्टे नव्हते. "बुडवाल बरं का," ती म्हणाली आणि दुधाकडे गेली. आठवड्याने तिला दवाखान्यात न्यावं लागलं. नोव्हेंबर सरता सरता ती गेली.

त्यानंतर बटणाला कुणी हात लावला नव्हता. पेटीवर धूळ बसली होती. मालकाने काळा डबा ठेवला तेव्हा कानसेनांनी आधी ती धूळ पुसली. घर आता पूर्वीचं राहिलं नव्हतं. भांडं पडलं तर त्यांच्याच हातून, दार वाजलं तर त्यांच्याच हाताने, असं कंटाळवाणं. पण कान तर होते ना. एवढं एक काम अजून आपल्याला जमतं, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि रविवारी मुलीला बोलावलं.

मुलगी कुरिअरच्या ऑफिसात होती. गावाच्या दुसऱ्या टोकाला राहायची. आल्या आल्या तिने सिंकमधली भांडी घासली, फ्रिज उघडून नाक मुरडलं, "बाबा, हे काय आहे आणि कोणत्या साली केलं होतं?" असं विचारून एक वाटी रिकामी केली, आणि मग आईच्या खुर्चीवर बसली. डावीकडे दुकानातला आठ हजारांचा डबा, उजवीकडे काळा, असं लावून कानसेनांनी तिला पद्धत समजावली. पाठ केली. हेडफोन चढवला.

पहिली बैठक झाली. मुलीने पाटी दाखवली. निम्म्या बरोबर, निम्म्या चूक. म्हणजे डोळे मिटून नाणं टाकलं असतं तरी एवढंच आलं असतं.

"सर्दी झालीये मला," कानसेन म्हणाले. त्यांनी मीटर पुन्हा लावला. वायरी काढून, पुसून पुन्हा खोचल्या. गाणं बदललं. दुसऱ्या बैठकीतही तेच.

मग त्यांनी कपाटातून दोन जुन्या कन्व्हर्टरचा जोड काढला. दोन वर्षांपूर्वी त्यातल्या एका कन्व्हर्टरवर त्यांनी कार्ड लिहिलं होतं: 'झोपेतही ओळखू येईल.' त्या एका वाक्यावर मालकाने कितीतरी नग विकले होते. त्यांनी तो उजवीकडे लावला आणि बसले. पहिला म्हणावं तर पहिला, दुसरा म्हणावं तर दुसरा. ते नुसते अंदाज ठोकत होते, आणि आपण ठोकतोय हे त्यांना कळत होतं.

त्यांनी हेडफोन काढून टेबलावर आपटला. हे त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं.

"तू नीट करत नाहीस."

"काय नीट करत नाही? मधे आणायचं आणि नाण्याप्रमाणे फिरवायचं. तुम्हीच सांगितलंत. अडलं की जोर लावते, एवढंच."

"घाई करतेस. खटाखट फिरवतेस, पत्ते पिसल्यासारखं. आई कशी करायची! डावीकडे लगेच, उजवीकडे जाताना जरा थांबून, सावकाश..."

स्वयंपाकघरात फ्रिज घुरघुरत होता. मुलीच्या हातात नाणं तसंच होतं.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "मग तुम्हाला कळणारच ना."

कानसेनांनी वळून बटणाकडे पाहिलं.

"म्हणजे मुद्दाम नाही म्हणत मी. पण उजवीकडे जाताना शांतता जास्त वेळ राहिली, की दुसरा. कमी राहिली, की पहिला."

"माझ्या लक्षात नव्हतं कधी."

"तुमच्या नसेल. कानांच्या असेल."

ती उठून पाणी घेऊन आली. ग्लास त्यांच्यापुढे ठेवला आणि उभ्या उभ्याच म्हणाली, "आईचं उजवं मनगट दुखायचं. दाराची किल्लीसुद्धा डाव्या हाताने फिरवायची ती. बरणीचं झाकण माझ्याकडून उघडून घ्यायची."

"कधीपासून?"

"मी कॉलेजात होते तेव्हापासून. तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नाही. म्हणजे... एकदोनदा म्हणाली होती."

म्हणाली होती, आणि त्यांनी ते कानामागे टाकलं होतं. मनगटाला बांधायचा पट्टा आणून द्या, असं काहीतरी म्हणाली होती. त्या आठवड्यात एक अ‍ॅम्प्लिफायर आला होता, ते त्यात गढले होते. पट्टा राहून गेला, आणि तिनेही पुन्हा काढलं नाही.

कानसेन नीटनेटके गृहस्थ होते. डोंगर कोसळला तरी त्याखालून हिशेब करत बाहेर येणाऱ्यांतले. त्यांनी उजवीकडचा डबा बाजूला केला आणि मुलीला म्हणाले, "दोन्ही बाजूंना एकाच डब्याच्या वायरी लाव. आणि उजवीकडे जाताना आईसारखी थांब."

"कशाला उगाच, बाबा?"

"लाव."

तिने लावल्या. आता डावीकडेही जुनाच डबा, उजवीकडेही तोच. कानसेन पाठ करून बसले. एकदा शांतता लहान आली, एकदा मोठी. मोठ्या शांततेनंतर गाणं सुरू झालं, आणि ते मोकळं वाटलं. वाद्यं सुटी वाटली. खालचा सूर घट्ट, भरीव. दोन्हीकडे एकच डबा आहे हे त्यांना ठाऊक होतं, आणि तरीही उजवीकडचा चांगला होता. त्यांनी तीन-चारदा ऐकलं. दर वेळी तो चांगलाच होता.

इतकी वर्षं त्यांनी कार्डांवर लिहिलं ते हेच. पाठीमागे तिचा हात दुखत होता, तो त्यांना साफ ऐकू येत होता, आणि त्यांनी त्याला नाव दिलं होतं: खोली.

मुलगी संध्याकाळपर्यंत थांबली. जाताना दारात म्हणाली, "अ‍ॅम्प्लिफायरचं तरी खरं असेल ना? ते सूं सूं वगैरे?"

"ते खरं आहे," कानसेन म्हणाले. "ते तुलाही ऐकू येईल. त्याला कानसेन लागत नाही."

सोमवारी ते काळा डबा पिशवीत घालून दुकानात गेले. गालिचा अंथरलेल्या ऐकायच्या खोलीत मालक वायरींची गुंडाळी करत बसला होता. कानसेनांनी सगळं सांगितलं. बटण, मनगट, पाटी, एकच डबा दोन्हीकडे. लपवलं काहीच नाही. मालक शेवटपर्यंत ऐकून घेत होता, पण आजारी माणसाची बडबड ऐकून घ्यावी तसा.

"कानसेन, काकूंना जाऊन पुरते चार महिनेही झाले नाहीत. तुमचं मन ठिकाणावर नाही. महिनाअखेरपर्यंत वेळ आहे. विश्रांती घ्या, मग ऐका."

"विश्रांतीने येणार नाही ते. ते कधी नव्हतंच. या डब्यात आणि तुझ्या त्या आठ हजारांच्या डब्यात मला काडीचा फरक कळत नाही. घर गहाण टाकू नकोस."

"तुम्हाला कळत नाही म्हणजे फरक नाही असं होतं का?"

"नाही होत. पण फरक आहे असं माझ्या नावावर तू म्हणू नयेस, एवढं होतं."

मालकाने गुंडाळी खाली ठेवली. आवाज खाली आणला, कारण बाहेर गिऱ्हाईक होतं. "आणि हे जे डबे लोकांनी नेलेत? तुमची कार्डं वाचून? त्यांना काय सांगू? आमच्या काकूंचा हात दुखत होता म्हणून तुम्ही एवढे पैसे मोजलेत?"

कानसेन बाहेरच्या दालनात आले आणि कन्व्हर्टरच्या फळीवरची आपली कार्डं एकेक करून काढू लागले. अ‍ॅम्प्लिफायरची त्यांनी तशीच ठेवली. तिसऱ्या कार्डाला हात घातला तेव्हा मालकाने त्यांचं मनगट धरलं. जोरात नाही, पण धरलं.

"काका," तो म्हणाला. असं तो त्यांना फक्त लहानपणी म्हणे. "बाबांच्या वेळेपासूनची आहेत ती. राहू द्या. तुम्ही घरी जा."

गिऱ्हाईक बघत होतं. कानसेनांना कानकोंडं झालं. हातातली दोन कार्डं त्यांनी काउंटरवर ठेवली आणि ते जिना उतरले.

त्यानंतर दुकानातून त्यांना बोलावणं आलं नाही. महिनाअखेर मालकाचा फोन आला, तोही रीत म्हणून. एजन्सी घेतली म्हणाला.

"मेव्हण्याने ऐकला डबा. जमीन-अस्मानाचा फरक आहे म्हणतो."

"तुझा मेव्हणा? त्याला ट्रकचा हॉर्न ऐकू यायला ट्रक अंगावर यावा लागतो."

मालक हसला. पूर्वीसारखा हसला, आणि तेच जास्त लागलं.

"पाठ करून ऐकला का त्याने?"

"गरज नाही म्हणतो. समोर ठेवूनच कळतं म्हणतो."

एप्रिलमध्ये कानसेन चष्म्याची काडी दुरुस्त करायला गेले, तेव्हा जिन्याच्या तोंडाशी काचेच्या कपाटात तो काळा डबा ठेवलेला दिसला. समोर पांढरं कार्ड होतं. 'मोकळा. खोल. वाद्यं सुटी सुटी.' खाली नाव नव्हतं. अक्षर त्यांचं नव्हतं, शाई मात्र निळीच होती. त्यांनी चष्म्याविनाच डोळे बारीक करून ते दोनदा वाचलं. एक तरुण जोडपं त्यांच्या मागे उभं राहून वाचत होतं. "याच दुकानात तो पाठ करून ऐकणारा माणूस आहे," त्यातला नवरा बायकोला सांगत होता. कानसेन बाजूला सरकले, त्यांना नीट दिसावं म्हणून.

घरी येऊन त्यांनी लाकडी पेटी कपाटाजवळून उचलून टेबलावर घेतली. बसवलं त्या दिवसानंतर ते बटण त्यांनी स्वतः कधी फिरवलंच नव्हतं. ते नेहमी पाठ करून बसलेले. त्यांनी उजव्या हाताने ते मधे आणलं आणि उजवीकडे फिरवायला गेले. बटण अडलं. जोर लावल्यावर फिरलं, पण मनगटात कळ आली. डावीकडे सहज जात होतं. आतली पट्टी एका बाजूला घासत होती. त्यांनी चार स्क्रू काढले, पट्टी जराशी वाकवली, शिलाई मशीनच्या तेलाचे दोन थेंब सोडले. पाच मिनिटांचं काम. आता बटण दोन्हीकडे सारखंच फिरत होतं.

पेटी त्यांनी परत खुर्चीपाशी ठेवली. कपाटातल्या बायकोच्या खणात ते बिस्किटांचा डबा शोधायला गेले. तो मुलीने आवराआवर करताना नेला होता, आणि तो परत मागावा असं त्यांना काही सुचलं नाही.

ऑक्टोबरातल्या बैठकीचे दहा रुपये अजून द्यायचे आहेत.